हुबळीच्या मुक्कामातून उगवलेला संगीतसूर्य

१ जानेवारी १९०८ रोजी हुबळी येथे ‘ललितकलादर्श’ नावाची एक नवी संगीत नाटक मंडळी स्थापन झाली. त्या वेळी तिचे मालक अवघ्या सतरा वर्षांचे होते. मिसरूड फुटण्याच्या वयात केशवराव भोसले यांनी नट, आचारी, तबलजी, पडदे ओढणारी माणसे अशा मोठ्या प्रपंचाची जबाबदारी अंगावर घेतली. हाताशी भांडवल असे एकच होते, ते म्हणजे गळा. पुढची तेरा वर्षे या गळ्याने ती मंडळी गावोगाव फिरवली, आणि वयाच्या एकतिसाव्या वर्षी तो अकस्मात कायमचा थांबला.

केशवरावांचा जन्म ९ ऑगस्ट १८९० रोजी कोल्हापुरात झाला. शाळेची पायरी चढण्याआधीच, चार-पाच वर्षांचे असताना, ते जनुभाऊ निमकरांच्या ‘स्वदेशहितचिंतक’ नाटक मंडळीत दाखल झाले. त्या काळी हे काही नवलाचे नव्हते. गरीब घरातले, गळ्यात सूर असलेले मूल नाटक कंपनीत गेले की त्याच्या दोन वेळच्या जेवणाची चिंता मिटे. सुशिक्षित समाज या पेशाकडे नाक मुरडून पाही, तो भाग वेगळा. मुलाला अक्षरओळख होवो न होवो, पदे मात्र तोंडपाठ होत. गुरुजींच्या छडीची जागा तालीममास्तरांच्या डोळ्यांनी घेतलेली असे. केशवरावांचे लहानपण असे रंगपटात, पेट्यांच्या आणि पडद्यांच्या गर्दीत गेले. त्यांना संगीताचे पहिले पद्धतशीर धडे मिळाले तेही याच मंडळीत, जांभेकरबुवांकडून.

गोविंद बल्लाळ देवलांचे ‘शारदा’ हे नाटक १८९९ मध्ये रंगभूमीवर आले. म्हाताऱ्या नवऱ्याशी लग्न ठरवलेल्या कोवळ्या मुलीची ही कथा. स्वदेशहितचिंतक मंडळीने हे नाटक करायला घेतले तेव्हा शारदेच्या भूमिकेत बाल केशवराव उभे राहिले. या भूमिकेला वयात आलेला आणि साडी नेसलेला नट नेहमीच थोडा विजोड दिसायचा. इथे तर खरोखरच शारदेच्या वयाचे मूल शारदेचे दुःख गात होते. प्रेक्षक हेलावले यात आश्चर्य नाही. केशवरावांचे नाव तिकिटे खपवणारे नाव झाले ते तेव्हापासून.

मात्र बालनटाच्या कारकिर्दीला एक क्रूर मर्यादा असते. चौदाव्या-पंधराव्या वर्षी आवाज फुटतो, आणि कालपर्यंत टाळ्या घेणारा मुलगा आज कंपनीच्या पंगतीत पाणी वाढताना दिसतो. त्या काळच्या कितीतरी गोड गळ्यांची नावनिशाणी याच वळणावर पुसली गेली. केशवराव ते वळण पार करून गेले. फुटलेला आवाज पुन्हा बसला तेव्हा तो पूर्वीपेक्षा मोठा, धारदार आणि उंच पट्टीत लीलया फिरणारा असा बसला. अंगी कर्तृत्वाची जाणीव आली, दुसऱ्याच्या मंडळीत पगारी नट म्हणून राहणे जाचू लागले, आणि हुबळीच्या मुक्कामात त्यांनी स्वतःची मंडळी उभी केली.

कोल्हापूरच्या तरुणाने हुबळीत नाटक कंपनी का काढावी, हा प्रश्न आजच्या वाचकाला पडू शकेल. तेव्हा भाषावार प्रांत नव्हते. धारवाड, हुबळी, बेळगाव हा सारा मुलूख मुंबई इलाख्यात होता आणि मराठी संगीत नाटकाचा तो मोठाच आश्रयदाता होता. खुद्द अण्णासाहेब किर्लोस्कर बेळगाव भागातील गुर्लहोसूरचे. शिवाय हुबळी हे सदर्न मराठा रेल्वेचे मोठे ठाणे आणि कापसाची पेठ. जिथे पेठ आणि जिथे रेल्वे, तिथे नाटक कंपनी, हे त्या काळचे साधे गणित होते. १८९१ मध्ये मिरज-कोल्हापूर लोहमार्ग सुरू झाल्यावर कोल्हापूरही याच जाळ्यात आले. फिरत्या मंडळीचे जग रेल्वेच्या रुळांनीच आखून दिलेले होते असे म्हटले तरी चालेल.

ते जग आज पूर्णपणे लोपले आहे. म्हणून थोडे तपशिलात शिरणे योग्य ठरेल. मंडळी एखाद्या गावी येणार म्हणजे आधी कंपनीचा व्यवस्थापक जाऊन नाटकगृह ठरवी, बिऱ्हाडासाठी एखादा वाडा भाड्याने घेई, गावातील वकील, डॉक्टर, सावकार यांच्या भेटी घेई. मग हस्तपत्रिका वाटल्या जात. नंतर मालगाडीच्या डब्यातून पडदे, कपड्यांच्या पेट्या, मुकुट, लाकडी तलवारी, ऑर्गन, तबले, आणि स्वयंपाकाची पातेलीसुद्धा येत. स्टेशनापासून वाड्यापर्यंत बैलगाड्यांची रांग लागे आणि तीच कंपनीची पहिली जाहिरात ठरे. पक्के नाटकगृह नसलेल्या गावी पत्रे, बांबू आणि ताडपत्री यांचे तात्पुरते थिएटर उभे राही. प्रयोग रात्री उशिरा सुरू होऊन पहाटेपर्यंत चाले, कारण ‘वन्समोअर’च्या आरोळीला नकार देण्याची नटाची प्राज्ञा नसे. एका पदाला तीन-तीनदा वन्समोअर मिळाला की उरलेले अंक आपोआप पुढे सरकत. श्रोत्यांना घरी परतण्याची घाई नसायची.

सगळी मंडळी एका वाड्यात राही, एका पंगतीला जेवे. सकाळी गाण्याची मेहनत, दुपारी तालीम. मालक हा या कुटुंबाचा कर्ता. प्रयोगाचा गल्ला चांगला जमला तर देणी फिटत आणि गल्ला पडला तर पुढल्या गावाच्या रेल्वेभाड्यासाठी सावकाराचे दार ठोठवावे लागे. पावसाने झोडपलेला मुक्काम किंवा प्लेगची वार्ता कंपनीला महिनाभर मागे ओढी. प्रमुख नट आजारी पडला तर सगळ्यांच्याच पोटावर पाय येई. केशवरावांच्या मंडळीत प्रमुख नट आणि मालक एकच होते. त्यामुळे त्यांना आजारी पडण्याचीही मुभा नव्हती, असे म्हणणे अतिशयोक्तीचे ठरणार नाही.

ललितकलादर्शने सुरुवातीला ‘सौभद्र’, ‘मृच्छकटिक’, ‘शारदा’ अशी गाजलेली नाटकेच केली. यात धोका कमी होता. लोकांना कथा माहीत होती, पदे माहीत होती. ते नवा गळा ऐकायला येत. पण जुन्या पुंजीवर फार दिवस चालत नाही हे केशवरावांनी ओळखले. अमरावतीचे वीर वामनराव जोशी यांचे ‘राक्षसी महत्त्वाकांक्षा’ हे नाटक त्यांनी रंगभूमीवर आणले आणि त्याने मंडळीला स्वतःची अशी ओळख दिली. आपला गळा तयार आहे या समजुतीत ते राहिले नाहीत, ही त्यांची आणखी एक समज. ग्वाल्हेर परंपरेत तालीम घेतलेल्या रामकृष्णबुवा वझ्यांसारख्या कडक गवयाला त्यांनी मंडळीशी जोडून घेतले. बुवांनी चाली बांधल्या, नटांना शिकवले आणि खुद्द मालकालाही घासून-पुसून घेतले. दमदार, चढी, तानांच्या झपाट्याने सभागृह भारून टाकणारी जी गायकी पुढे ‘ललितकले’ची म्हणून ओळखली गेली आणि जिची आठवण दीनानाथ मंगेशकरांच्या गाण्याविषयी बोलताना जाणकारांना हटकून होते, तिची जडणघडण इथली आहे. दीनानाथांनीही वझेबुवांकडे तालीम घेतली होती.

रसिकांत तोवर दोन तट पडले होते. १९१३ मध्ये किर्लोस्कर मंडळीतून बाहेर पडून नारायणराव राजहंस, म्हणजेच बालगंधर्व, यांनी आपली गंधर्व नाटक मंडळी काढली होती. ते केशवरावांहून दोनच वर्षांनी मोठे. लाडिक, भावपूर्ण, पदातल्या शब्दाला कुरवाळत जाणारे त्यांचे गाणे आणि महाराष्ट्रातील कुलीन स्त्रियांनीही अनुकरण करावा असा त्यांचा स्त्रीवेष. त्यांच्यासमोर केशवरावांचा मर्दानी, तडफदार आवाज. केशवरावांनीही स्त्रीभूमिका नाव मिळवण्याइतक्या चांगल्या केल्या. तरी त्यांचा पिंड वीरपुरुषाचा होता आणि ते हळूहळू त्या भूमिकांकडेच वळले. कोणते गाणे श्रेष्ठ, हा वाद त्या काळी वाड्यावाड्यांत आणि चहाच्या दुकानांत रंगे. आजच्या वाचकाला क्रिकेटचे दोन संघ आठवावेत इतकी ती चुरस होती. या वादात जातीचा एक अंतःप्रवाहही होता, तो झाकण्यात अर्थ नाही. संगीत रंगभूमीवरील मोठ्या मंडळ्यांची सूत्रे बहुतांशी ब्राह्मण मालकांकडे होती. शाहू छत्रपतींच्या कोल्हापुरातून आलेला, शाळा न शिकलेला एक मराठा मुलगा त्यांच्या बरोबरीची मंडळी चालवतो, ही गोष्ट ब्राह्मणेतर चळवळीच्या त्या दशकात अनेकांना फार मोलाची वाटत होती.

१९१६ साली केशवरावांनी एक धाडस केले. मामा वरेरकरांचे ‘हाच मुलाचा बाप’ हे हुंड्याच्या चालीवर घणाघाती प्रहार करणारे नाटक त्यांनी करायला घेतले. १९१४ मध्ये कलकत्त्याला स्नेहलता नावाच्या मुलीने वडिलांवरील हुंड्याचा बोजा टाळण्यासाठी स्वतःला जाळून घेतले होते आणि देशभर त्या प्रश्नाची चर्चा चालू होती. तरीही रंगभूमीवर राजे, राक्षस आणि ऋषी यांची सवय असलेल्या प्रेक्षकाला समकालीन घरातला दिवाणखाना दाखवणे जोखमीचेच होते. मखमली वेष नाही, मुकुट नाही, लढाई नाही. पुढे बसलेल्या प्रेक्षकांपैकी कितीतरी जण स्वतःच मुलाचे बाप, आणि हुंडा घेतलेले. गंधर्व मंडळीच्या पौराणिक वैभवाशी स्पर्धा असताना कंपनीचा मालक असे नाटक हाती घेतो, यात त्याची नाट्यदृष्टी दिसते. नाटक चालले. पाठोपाठ वरेरकरांचेच ‘संन्याशाचा संसार’ आले. धर्मांतर आणि शुद्धी या तेव्हाच्या ज्वलंत विषयावरचे ते नाटक. या दोन नाटकांनी ललितकलादर्शला सामाजिक नाटकांची मंडळी हा लौकिक दिला. वरेरकरांचा नाटककार म्हणून दबदबाही याच मंडळीच्या पाठबळावर वाढला, हे मान्य करावे लागते. रंगसजावटीतही केशवरावांचा हात सढळ होता. मराठी रंगभूमीवर मखमली दर्शनी पडदा आणण्याचे श्रेय त्यांना दिले जाते.

कोल्हापूरशी त्यांची नाळ कधी तुटली नाही. शाहू महाराजांच्या काळात हे संस्थान कलावंतांचे माहेरघर बनले होते. अल्लादिया खाँसाहेब दरबारी गायक, गोविंदराव टेंबे इथलेच, पडदे रंगवता रंगवता चित्रपटाकडे वळलेले आनंदराव आणि बाबुराव पेंटर हे बंधूही इथलेच. महाराज १९०२ मध्ये सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणानिमित्त युरोपला गेले होते. तिथली क्रीडागारे आणि नाट्यगृहे पाहून आल्यानंतर त्यांनी कोल्हापुरात खासबाग कुस्ती मैदान उभे केले आणि त्याला खेटूनच १९१५ मध्ये ‘पॅलेस थिएटर’ पूर्ण झाले. कुस्ती आणि नाटक यांना शेजारी-शेजारी जागा देणारे हे नगर केशवरावांच्या गायकीशी मोठे मिळतेजुळते होते. तीत सूर होता आणि आखाड्यातला जोरही होता. महाराजांच्या सांगण्यावरून त्यांनी खासबागेच्या उघड्या मैदानात हजारो लोकांसमोर ‘मृच्छकटिक’चा प्रयोग केला आणि ध्वनिक्षेपक नसताना त्यांचा आवाज शेवटच्या माणसापर्यंत पोहोचला, ही आठवण कोल्हापूरकरांनी पिढ्यान्‌पिढ्या जपली आहे. रोजच्या पोटासाठी चार आण्यांचे तिकीटही न परवडणाऱ्या माणसाने संगीत नाटक पाहिले ते तिथे.

मग आले १९२१ साल. लोकमान्य टिळक आदल्या वर्षी १ ऑगस्टला गेले होते. त्यांच्या नावाने गांधीजींनी टिळक स्वराज्य फंड उभारला होता आणि एक कोट रुपयांचे लक्ष्य ठेवले होते. या फंडासाठी गंधर्व आणि ललितकलादर्श या दोन्ही मंडळ्यांनी एकत्र येऊन प्रयोग करावा, ही कल्पना पुढे आली. ती ऐकायला सोपी आणि घडवायला अवघड होती. दोन मालक, दोन साथसंगतकारांचे ताफे, दोन गायकी, आणि एकमेकांची खिल्ली उडवण्यात वर्षे घालवलेले दोन्हीकडचे चाहते. प्रयोग फसला तर दोघांचीही अब्रू गेली असती. रंगला तरी कोणीतरी एक कमी पडला असे दुसऱ्या दिवशी म्हटले जाणारच होते, आणि फिरत्या कंपनीच्या नटाला असा शिक्का परवडत नाही. पुढल्या प्रत्येक गावच्या गल्ल्यावर त्याचा परिणाम होतो. तरीही दोघांनी होकार दिला.

नाटक ठरले खाडिलकरांचे ‘मानापमान’. निवडीतही एक मौज होती. ऐश्वर्यात वाढलेली भामिनी गरीब पण पराक्रमी धैर्यधराला तुच्छ लेखते आणि पुढे वनमालेच्या वेषात त्याच्याजवळ येऊन त्याची योग्यता ओळखते, असे ते कथानक. भामिनी अर्थातच बालगंधर्व, धैर्यधर केशवराव. ८ जुलै १९२१ च्या रात्री मुंबईच्या बालीवाला थिएटरात हा प्रयोग झाला. जबर दर लावूनही तिकिटे मिळेनाशी झाली होती. महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यांतून रसिक मुंबईला आले. आपापल्या दैवताचा विजय पाहायला आलेले हे श्रोते मध्यरात्र उलटल्यावर दोघांनाही वन्समोअर देत होते. जाणकारांनी लिहून ठेवलेल्या आठवणींचा सूर बहुधा एकच आहे. त्या रात्री दोघेही आपापल्या परीने गायले, एकमेकांना वाव देत गायले, आणि कोण जिंकले हे ठरवण्याची खुमखुमी घेऊन आलेल्यांना उत्तर न घेताच परतावे लागले. फंडाला एका रात्रीत हजारो रुपये मिळाले. मराठी रंगभूमीच्या इतिहासात ‘संयुक्त मानापमान’ हे दोन शब्द तेव्हापासून एखाद्या सणाच्या नावासारखे उच्चारले जातात.

यानंतर केशवरावांच्या वाट्याला तीन महिनेही पुरते आले नाहीत. विषमज्वराने त्यांना गाठले. आज हा आजार बहुतेकांना औषधांच्या गोळ्यांनी बरा होतो. पण त्यावरचे पहिले प्रभावी प्रतिजैविक हाती येण्यास आणखी पाव शतकाहून अधिक काळ जायचा होता. तेव्हा डॉक्टरांना वाट पाहण्याखेरीज फारसे काही करता येत नसे. गावोगावचे पाणी, अवेळी जेवण, रात्रीची जागरणे आणि घशाला व छातीला कधी विसावा न देणारा पेशा, हे सारे शरीर आधीच झिजवत आले होते. ४ ऑक्टोबर १९२१ रोजी केशवराव गेले. पुढल्याच वर्षी, ६ मे १९२२ रोजी, शाहू महाराजांचेही निधन झाले. सुमारे सात महिन्यांत कोल्हापूरने आपला गायक आणि त्याचा आश्रयदाता असे दोघेही गमावले.

मालक गेला की मंडळी मोडते, हा त्या काळचा जवळजवळ नियम होता. पडदे लिलावात निघत, नट वाटा फुटतील तिकडे जात. ललितकलादर्शचे तसे झाले नाही. मंडळीतच तयार झालेल्या बापूराव पेंढारकरांनी धुरा खांद्यावर घेतली. केशवरावांच्या गाण्याचा आणि कारभाराचा वारसा त्यांनी डोळसपणे सांभाळला. १९२२ मध्ये वरेरकरांचे ‘सत्तेचे गुलाम’ रंगभूमीवर आले, पुढे ‘तुरुंगाच्या दारात’ आले आणि सामाजिक नाटकांची केशवरावांनी धरलेली वाट रुंदावत गेली. १९३७ मध्ये बापूराव गेले. त्यांचे चिरंजीव भालचंद्र पेंढारकर यांनी मंडळीत पुन्हा प्राण फुंकले आणि ‘दुरितांचे तिमिर जावो’, ‘पंडितराज जगन्नाथ’ यांसारख्या नाटकांनी तिचे नाव नव्या पिढीच्या ओठांवर आणले. हुबळीत सतरा वर्षांच्या मुलाने लावलेल्या रोपाने २००८ मध्ये शंभरी गाठली.

कोल्हापूरने पॅलेस थिएटरला १९५७ मध्ये केशवरावांचे नाव दिले. तेव्हापासून ‘संगीतसूर्य केशवराव भोसले नाट्यगृह’ हे शहरातील नाटकवेड्यांचे हक्काचे ठिकाण झाले. मुंबई-पुण्याहून दौऱ्यावर निघालेल्या मंडळ्यांच्या यादीत कोल्हापूरचा मुक्काम म्हणजे हे नाट्यगृह, असे समीकरणच होऊन बसले. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री या वास्तूला आग लागली. रंगमंच, छत, आसने जळाली. दुसरा दिवस केशवरावांच्या जयंतीचा होता, आणि त्या निमित्ताने जमायचे रंगकर्मी राखेसमोर उभे राहून डोळे पुसत होते. शाहू महाराजांच्या काळातल्या दगडी भिंती मात्र बऱ्याच अंशी उभ्या राहिल्या. मूळ वास्तूचा बाज राखून तिची पुनर्बांधणी करायची, असे ठरले आणि शासनाने त्यासाठी निधी मंजूर केला.